आराखड्यातील बंबखाना

नगरांच्या इतिहासात अग्निशामक दलाचा जन्म बहुधा पश्चात्तापातून होतो. रोमच्या वस्त्या पुनःपुन्हा जळाल्यानंतर ऑगस्टस बादशहाने इसवी सन ६ मध्ये रात्रपहाऱ्याची आणि आग विझविण्याची पथके नेमली. १६६६ मध्ये लंडन भस्मसात झाल्यावर तेथील विमा कंपन्यांना स्वतःचे बंब बाळगण्याची बुद्धी सुचली. आणि आपल्या मुंबईनेही तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा शिरस्ता मोडला नाही. नवी मुंबई मात्र या नियमाला अपवाद ठरावी, असा तिच्या जनकांचा संकल्प होता. ज्या शहराचे रस्ते, बाजार, शाळा आणि उद्याने माणसे राहावयास येण्यापूर्वीच कागदावर आखली गेली, त्या शहरात बंबखान्याची जागा आगीने दाखवून द्यावयाची नव्हती, नियोजनकारांनी ती आधीच मुक्रर करावयाची होती. आणि बेलापूरच्या ज्या भागाला सारे जण आज सीबीडी म्हणून ओळखतात, त्या नियोजित मध्यवर्ती विभागातले अग्निशमन केंद्र हे त्याच संकल्पाचे अपत्य आहे. त्या केंद्राची आणि त्याच्या भावंडांची हकीकत पाहू लागले असता जाणवते ते असे की, बंबखाने आराखड्याप्रमाणे उभे राहिले खरे, परंतु त्यांतील बचावपथकांना जी विद्या शिकावी लागली, तिच्यातील पुष्कळसे धडे आराखड्याने ज्यांची दखल घेतली नव्हती अशा गोष्टींनी दिले.

ही गोष्ट नीट उमजावयाची तर प्रथम खाडी ओलांडून जुन्या मुंबईत जावे लागते. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटातील बाजारपेठेत आग लागली. जोनाथन डंकन हे त्या वेळी गव्हर्नर होते. तटबंदीच्या आत लाकडी घरांची इतकी दाटी झालेली होती, की वाऱ्याबरोबर पसरत चाललेली ती आग दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत पोहोचते की काय, असे भय निर्माण झाले, आणि अखेरीस सरकारने वाटेतली घरे तोफा डागून पाडली. जे काम पाण्याने होईना ते तोफगोळ्यांनी करविले. कोटातील सुमारे एकतृतीयांश वस्ती त्या आगीत गेली. त्यानंतर पुष्कळसा व्यापारी वर्ग तटाबाहेर मांडवीच्या बाजूस सरकला आणि मुंबईच्या घाऊक व्यापाराचे बिऱ्हाड तेथे पक्के झाले. बंब मात्र पुढे अनेक दशके पोलिसांच्याच हाताखाली होते. चोर पकडणे आणि आग विझविणे ही दोन्ही कामे एकाच खात्याकडे असावीत यात त्या काळी कोणास विसंगती वाटत नसे. १८८७ मध्ये हे काम नगरपालिकेच्या हवाली झाले आणि पुढल्याच वर्षीच्या महापालिका कायद्याने त्याला कायदेशीर अधिष्ठान मिळाले.

मुंबईच्या याच अग्निशामक दलाच्या इतिहासातील सर्वांत काळा दिवस १४ एप्रिल १९४४ हा होय, आणि त्याचा तपशील थोडा विस्ताराने सांगणे अवश्य आहे. कारण आग विझविणे आणि संकट निवारणे ही दोन भिन्न कामे आहेत, ही गोष्ट त्या दिवशी जितक्या क्रूरपणे सिद्ध झाली तितकी क्वचितच झाली असेल. महायुद्धाचे दिवस होते. बर्कनहेडहून निघालेले आणि कराचीमार्गे आलेले ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके, त्यांच्याच खालच्या कप्प्यात कराचीहून चढविलेल्या कापसाच्या हजारो गासड्या, शिवाय लाकूड, तेलाची पिंपे आणि सोन्याच्या विटा होत्या. या यादीचा निम्मा भाग तरी एकमेकांशेजारी ठेवू नये हे कोणत्याही गुदामाच्या कारकुनानेही सांगितले असते. परंतु युद्धकाळात जहाजांची टंचाई असल्यामुळे असल्या शिरस्त्यांना रजा मिळालेली होती. दुपारी धूर दिसला. बंब आले, आणखी बंब आले, शेकडो टन पाणी त्या कप्प्यात ओतले गेले. पण कापूस पाण्यावर तरंगतो, आणि पाण्याची पातळी जसजशी चढू लागली तसतशा धुमसणाऱ्या गासड्या वरच्या स्फोटकांच्या अधिकाधिक जवळ जाऊ लागल्या. जहाज भर खाडीत न्यावे, की तेथेच बुडवावे, की आग विझवीतच राहावे, याचा निर्णय करण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हेच ठरलेले नव्हते. जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचे स्फोटकतज्ज्ञ आणि अग्निशामक दलाचे मुख्य अधिकारी नॉर्मन कूम्ब्स या साऱ्यांची मते एकमेकांवर आदळत राहिली, आणि तोवर बंबवाले नळ्या धरून तेथेच उभे होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. दूर शिमल्याच्या भूकंपमापकानेही त्याची नोंद घेतली. गोदीभोवतालची गुदामे आणि मांडवीकडची वस्ती जळत राहिली, शेकडो माणसे मृत्युमुखी पडली आणि अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. १४ एप्रिलपासून देशभर जो अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो तो याच दिवसाच्या स्मरणार्थ.

या पार्श्वभूमीवर, मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यावी ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ च्या सुमारास ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली, तेव्हा तिच्यात दाटीवाटीतून सुटण्याची जी आस होती, ती केवळ मोकळ्या हवेची नव्हती. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी मुक्रर करण्यात आली. आणि एकमेकांपासून अलग, पण रस्त्यांनी व रेल्वेने गुंफलेल्या उपनगरांची, म्हणजे कचेरीच्या भाषेत ‘नोडां’ची, माळ आखली गेली. त्या माळेतील मुख्य मणी बेलापूर. पोर्तुगीज आणि मराठे ज्या किल्ल्यासाठी झगडले त्याचे अवशेष खाडीकाठी, पाठीशी पारसिकच्या रांगा, आणि मध्ये सिडको भवन, कोकण भवन, रिझर्व्ह बँकेची कचेरी अशा सरकारी इमारतींचा नवा मुलूख. नरिमन पॉइंटचा बोजा हलका करण्याची महत्त्वाकांक्षा या मुलखावर सोपविलेली होती. ती कितपत पुरी झाली हा वादाचा विषय आहे. पण अग्निशमनाच्या दृष्टीने पाहिले तर रुंद रस्ते, इमारतींमधले अंतर आणि जवळपास केंद्र या तीन गोष्टी येथे आधीच मिळाल्या, आणि ज्याने मांडवीच्या गल्लीतून बंब काढला आहे त्यालाच त्यांचे मोल विचारावे.

त्यापूर्वी या गावांतून आग विझविण्याची काय व्यवस्था होती? भाताच्या उडव्या आणि पेंढ्याचे ढीग खळ्याशेजारी, घरे कौलारू, चुली लाकडाच्या. आग लागली की बोंब ठोकावयाची, विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग धरावयाची आणि हातोहात घागरी सरकवावयाच्या. आगरी-कोळी वस्तीत याहून निराळा बंदोबस्त नव्हता, आणि बंब यावयाचा म्हणजे ठाण्याहून किंवा पनवेलीहून, तोही बहुधा राख थंड झाल्यावर.

सिडकोच्या नियोजनकारांना कोरी पाटी मिळाली, असे म्हणण्याची प्रथा आहे; ती अर्धसत्य आहे. त्यांच्या आधी कारखाने आलेले होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि त्याने ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दुतर्फा वसाहत वसविली. नोसिलचा नाफ्था भंजन प्रकल्प १९६८ मध्ये सुरू झाला. त्याच्या आगेमागे रसायने, औषधे, रंग आणि द्रावके बनविणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची रांग लागली. म्हणजे माणसांच्या घरांचा आराखडा होण्यापूर्वीच येथे अशा पदार्थांनी बिऱ्हाड केले होते, की ज्यांच्यावर साधे पाणी मारणे हे कधी निरुपयोगी आणि कधी घातक ठरते. पेटलेल्या तेलावर पाणी टाकले तर ते खाली बसते आणि जळते तेल वर तरंगून अधिकच पसरते. त्यावर फेसाचे पांघरूण घालावे लागते. अल्कोहोलजातीच्या द्रावकांना तर साधा फेसही पुरत नाही, कारण ती त्यातले पाणी शोषून पांघरूणच विरवून टाकतात. त्यांच्यासाठी निराळा फेस लागतो. शेजारची टाकी पेटलेली नसेल तरी तिच्या अंगावर पाण्याचा मारा अखंड चालू ठेवावा लागतो, नाहीतर ती तापून फुटते. हे ज्ञान औद्योगिक वसाहतीच्या स्वतंत्र अग्निशामक दलाने आणि मोठ्या कारखान्यांच्या खासगी पथकांनी प्रथम कमावले. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर कारखाना कायद्यात दुरुस्त्या झाल्या, १९८९ मध्ये घातक रसायनांविषयीचे नियम आले, आणि एका कारखान्याची वर्दी आली म्हणजे शेजारच्याने फेस, गाडी वा जाणकार माणूस पाठवावा, या परस्परसाहाय्याला रीतसर स्वरूप मिळाले.

दरम्यान शहर वाढत होते आणि त्याबरोबर हद्दीही. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाला आणि वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली अशा भागांतील अग्निशमन हे पालिकेचे कर्तव्य झाले. त्याच सुमाराच्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात नगरसंस्थांच्या विषयांत अग्निशमन सेवेचा स्वतंत्र उल्लेख केला. खारघर, कळंबोलीकडचा भाग मात्र सिडकोकडे राहिला, कारखान्यांची वसाहत औद्योगिक महामंडळाकडे, आणि २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाल्यावर दफ्तरात आणखी एक रकाना वाढला. आगीला सातबारा वाचता येत नाही. पण वर्दी घेणाऱ्याला प्रथम घटनास्थळ कोणाच्या हद्दीत, हे लिहावे लागते. व्यवहारात ज्याची गाडी जवळ ती निघते आणि कागद मागाहून जुळविले जातात, ही या साऱ्या व्यवस्थेची खरी पुण्याई.

मांडवीचा घाऊक व्यापार दुसऱ्यांदा हलला तोही याच काळात. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ मध्ये तुर्भ्याला आला, आणि पुढील दीड दशकात मसाले, धान्य, भाजी आणि फळे यांचे बाजार त्याच्या मागोमाग आले. या स्थलांतराचे कारण आग नव्हे, मुंबईतील मालमोटारींची कोंडी होते. तरीही १८०३ मध्ये ज्या व्यापाराला आगीने कोटाबाहेर काढले त्याचेच वारस अखेर बंबाला चहूबाजूंनी फिरता येईल अशा आवारात येऊन बसले, हा योगायोग मौजेचा आहे. मात्र गाळ्यांच्या माथ्यावर पोटमाळे, माळ्यांवर गोणपाट, खोकी आणि पेंढा चढवून जुन्या दाटीची सवय माणसांनी येथेही जपली. पेटलेल्या सुक्या मिरचीचा धूर ज्याच्या नाकात गेला आहे त्याला श्वसनयंत्राचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही.

आता बचावगाडीकडे वळू, कारण माझ्या मते या शहराची खरी बखर तीच आहे. दलातील माणसे तिला नुसते ‘रेस्क्यू’ म्हणतात. पाण्याच्या बंबासारखी ती धष्टपुष्ट नसते. तिच्या दोन्ही कुशींना सरकत्या झडपा असतात आणि झडप वर केली की प्रत्येक खणात निराळेच हत्यार. एका खणात तेलाच्या दाबावर चालणारा कटर आणि स्प्रेडर: पहिल्याची चोच मोटारीच्या दाराचा खांब कापते, दुसऱ्याचे जबडे चेपलेला पत्रा फाकवतात. सायन-पनवेल महामार्गावर टँकर उलटून चालक केबिनमध्ये सापडतो तेव्हा यांची गरज. दुसऱ्या खणात हवेच्या पिशव्या. रबरी चटईसारख्या सपाट दिसणाऱ्या या पिशव्या दोन बोटांच्या फटीत सारता आल्या तर हवा भरताच अनेक टनांचा स्लॅब वीतभर उचलतात; वीतभरच, पण तेवढ्यात दबलेला हात सुटतो. तिसऱ्यात श्वसनयंत्रे, ज्यांना सारे ‘बीए सेट’ म्हणतात: पाठीवरच्या नळकांड्यात तीनशे बार दाबाने कोंडलेली हवा, जी कष्टाच्या कामात अर्ध्या तासाच्या आसपास पुरते, आणि ती सरत आली की यंत्र शिट्टी वाजवू लागते. शिट्टी वाजली की आत अडकलेला माणूस दोन हातांवर दिसत असला तरी फिरावे लागते. या नियमाइतका पाळावयास कठीण नियम दुसरा नसेल. मग रसायनांपासून अंग झाकणारे पोशाख; दोर, कड्या आणि कप्प्या; खाडीत टाकावयाचे गळ आणि जीवरक्षक जाकिटे; भिंती तोलून धरण्यास लाकडी टेकू; पावसाळ्यातील झाडपडीसाठी साखळी करवत; आणि मांजात गुरफटलेल्या घारीपासून बाल्कनीत शिरलेल्या सापापर्यंतच्या वर्द्यांसाठी काठ्या व जाळ्या. पाण्याची नळी ही एकच वस्तू घेऊन सुरू झालेल्या व्यवसायाचा हा पसारा पाहिला की शहराने आपल्या रहिवाशांना किती तऱ्हांनी अडचणीत आणले याची मोजदादच होते.

स्लॅब उचलण्याची गरज या आखीव शहराला का पडावी? उत्तर गावठाणांत आहे. ज्यांची जमीन गेली त्यांना मोबदला पुरेसा मिळाला नाही या तक्रारीतून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन उभे राहिले, त्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याजवळ झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली, पण ती कागदोपत्री रखडत असताना गावातली कुटुंबे वाढत होती, आणि शहरात स्वस्त खोली शोधणारा मजूरही गावातच येत होता. आराखड्याने गावठाणांभोवती एक रेघ ओढली आणि आत काय होते ते पाहिलेच नाही. रेघेच्या आत अंगणांचे मजले झाले, वाटांची बोळकांडी झाली. रेघेबाहेर बंबाला वळण्यास साठ फूट रस्ता आणि आत दोन माणसे आडवी चालतील इतकी गल्ली, असे दृश्य बेलापूर परिसरात पावला-पावलाला दिसते.

२७ जुलै २०२४ च्या पहाटे, साडेचारच्या सुमारास, बेलापूरच्या शहाबाज गावात तळमजला आणि वर तीन मजले अशी एक इमारत कोसळली. ती जुनीपुराणी नव्हती. अवघी दहाएक वर्षांची होती. तिला तडे जाण्याचे आवाज वेळीच लक्षात आले, हाकाटी झाली आणि पन्नासाहून अधिक माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर धावली. ढिगाऱ्यात पाच जण अडकले. दोघांना जिवंत काढता आले, तिघांचे मृतदेह हाती लागले. पालिकेच्या दलाबरोबर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवानही त्या कामात होते. या दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे असते. असल्या कामात प्रथम करावयाची गोष्ट गाजावाजाची नसून शांततेची असते. सारी यंत्रे बंद करावयाची, बघ्यांना गप्प करावयाचे, मोबाइल वाजू द्यावयाचे नाहीत. मग एक जण काँक्रीटवर ठोके देतो, हाक मारतो आणि उरलेले कान लावतात. उत्तर आले तर त्या दिशेने खणावयाचे, पण वरून नव्हे. जेसीबी पाहून लोकांना धीर येतो, परंतु ज्या ढिगाऱ्यात जिवंत माणूस आहे त्यावर जेसीबी चढविणे म्हणजे त्याची उरलीसुरली पोकळी बुजविणे. म्हणून बाजूने, टेकू लावत, घमेल्याघमेल्याने माती काढीत आत शिरावे लागते. जुन्या गावांतील घागरींच्या रांगेऐवजी येथे घमेल्यांची रांग लागते, इतकाच फरक.

उंचीचा धडा मात्र आराखड्याने स्वतःच ओढवून घेतला. पहिल्या पिढीतील सिडकोची घरे चार मजल्यांपर्यंतची. आज पाम बीच मार्गावर शिडी पोहोचू नये इतके उंच मनोरे आहेत. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर व भोगवटादारावर टाकली आणि तपासणीची प्रमाणपत्रे दर सहा महिन्यांनी द्यावयाची तजवीज केली. यामागील तत्त्व सरळ आहे: तिसाव्या मजल्यावरची आग खालच्या बंबाने विझत नाही, इमारतीतल्याच पाण्याने विझते. पण उद्वाहनाच्या दुरुस्तीवर तत्परतेने खर्च करणाऱ्या सोसायट्या आगीच्या पंपाकडे किती आस्थेने पाहतात, हे त्यांच्या जिन्यांतील होजच्या पेट्या उघडून पाहिल्यास समजते. पुष्कळदा पेटीत झाडू असतो. २०२५ च्या दिवाळीत वाशीतील एका उंच इमारतीच्या दहाव्या मजल्यावर मध्यरात्रीनंतर लागलेली आग वरच्या मजल्यांवर चढली आणि चार जीव गेले. आगीइतकीच इमारतही वैरी होऊ शकते, हे मुंबईच्या दलाने ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या ‘गोकुळ निवास’मध्ये अनुभवले होते. आग विझवीत असता ती इमारत ढासळली आणि त्या दुर्घटनेत मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार वरिष्ठ अधिकारी गमावले गेले.

पाण्याच्या आणि डोंगरांच्या वर्द्या ही बेलापूरची खास मिरास. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला तेव्हापासून त्यावरून उडी घेणाऱ्या दुःखी जिवांना वाचविण्याचे काम बंबवाल्यांइतकेच तेथल्या कोळी बांधवांनी केले आहे. ओहोटीची ओढ कोठे नेईल हे त्यांना होकायंत्रावाचून कळते, आणि दलातील अनुभवी माणसे त्यांच्या होडीची वाट पाहण्यात कमीपणा मानीत नाहीत. डोंगराच्या बाजूला पाहावे तर कोरियांनी १९८० च्या दशकात उभारलेले आर्टिस्ट व्हिलेज, अंगणे आणि उतरती छपरे असलेली ती नमुनेदार वसाहत, पारसिकच्या पायथ्याशी आहे. आणि तिच्याच पाठीमागच्या धबधब्यावर जुलै २०२४ मध्ये पाणी एकाएकी वाढून साठ जण पलीकडच्या काठाला अडकले, तेव्हा त्यांना दोर बांधून अलीकडे आणावे लागले. त्यापूर्वी तीन वर्षे, जुलै २०२१ मध्ये, खारघरच्या डोंगरात ११६ माणसे अशीच अडकली होती. पावसाळी सहलीचा हा छंद आराखड्यात कोणी लिहिणार कसा?

पण या साऱ्यांहून अवघड कामगिरी शहराच्या बाहेरची होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरील ठाकर आदिवासींच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. पायथ्यापासून चिखलातून तास-दीड तास चढावयाचे, वर धो धो पाऊस आणि काळोख. ज्या हत्यारांचा मघाशी एवढा पाढा वाचला त्यांतील बहुतेक पायथ्याशीच राहिली, आणि माणसांनी फावडी, कुदळी आणि हात यांनी माती उकरली. गिर्यारोहक, आसपासचे गावकरी, आपत्ती दलाचे जवान, सिडकोने पाठविलेले मजूर, नवी मुंबईचे अग्निशामक, असे सारे तेथे होते. त्याच रात्री गड चढत असताना नवी मुंबईच्या दलातील एका अधिकाऱ्याला हृदयविकाराचा झटका येऊन मृत्यू आला. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसांचा ठावठिकाणा लागला नाही, आणि २३ जुलैला शोधकार्य थांबविण्यात आले. वाचलेल्यांसाठी पुढे खाली सपाटीवर जी घरे बांधली ती सिडकोनेच.

या भूभागात अद्ययावत बंबखान्याची भर अगदी अलीकडे पडली, आणि ती पुन्हा नियमाबरहुकूम पडली. उलव्याची टेकडी फोडून, नदीचे पात्र वळवून आणि दहा गावे उठवून बांधलेल्या नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि डिसेंबरअखेर तेथून विमाने उडू लागली. आंतरराष्ट्रीय नियम असा की, धावपट्टीच्या कोणत्याही टोकापर्यंत पहिली अग्निशामक गाडी तीन मिनिटांच्या आत, शक्य तर दोनच मिनिटांत, पोहोचली पाहिजे, आणि ही व्यवस्था सज्ज असल्यावाचून विमानतळाला परवाना मिळत नाही. या नियमापुरता तरी नियोजनकारांचा संकल्प शब्दशः सिद्धीस गेला: प्रथम बंब, मग प्रवासी. पलीकडे उरणला सप्टेंबर २०१९ मध्ये तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या प्रकल्पातील आगीत चार जण गेले, आणि त्यांतील तिघे आग विझविण्यास धावलेले औद्योगिक सुरक्षा दलाचे अग्निशामक होते. तेथील वायूच्या टाक्या, न्हावाशेव्याचे बंदर, उलवे आणि द्रोणागिरीचे नवे मनोरे आणि त्यांच्यामध्ये अडकलेली जुनी गावठाणे या साऱ्यांना तो तीन मिनिटांचा नियम लागू नाही. त्यांची वर्दी जी कोणाची हद्द असेल त्याच्याकडे जाते, आणि त्या हद्दीतील रस्ता कितपत मोकळा आहे यावर पुढचे अवलंबून राहते.